दुसरी टाकी

ऑफरोड गाडी घेणाऱ्या माणसाची खरी खरेदी गाडी घरी आल्यावर सुरू होते. शोरूममधून निघालेली थार किंवा जिम्नी त्याच्या लेखी निव्वळ कच्चा माल असतो. मग छतावर रॅक चढतो, पुढच्या बंपरवर विंच येते, काचेच्या वर दिव्यांची पट्टी लागते आणि बॉनेटच्या कडेने स्नॉर्केल वर निघतं. नदी ओलांडताना इंजिनाला हवा मिळावी म्हणून असलेलं हे नळकांडं पुण्यात जुलै महिन्यात खरोखरच उपयोगी पडू शकतं, त्यामुळे त्याला हसण्यात अर्थ नाही. या सगळ्या सामानाचा एक मोठा गुण असा की ते दिसतं. पार्किंगमध्ये शेजाऱ्याला दिसतं, वॉचमनला दिसतं, टोलनाक्यावरच्या पोराला दिसतं. इंधनाची जादा टाकी मात्र कुणालाच दिसत नाही. ती गाडीच्या पोटाखाली, चिखल आणि मडगार्डच्या आड लपलेली असते. एवढा पैसा घालून बसवलेली वस्तू कुणाच्या नजरेला पडत नाही म्हटल्यावर मालकाला ती तोंडाने सांगावी लागते, आणि तो सांगतोच. "एका दमात हजार किलोमीटर, मध्ये पंपाकडे बघायचं कामच नाही!" हजार किलोमीटर एका दमात ती टाकी जाईल, तिच्यावर बसलेल्या माणसांचं काय, हा प्रश्न पंगतीत कुणी विचारत नाही. मी तो इथेही फार ताणत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या टाकीची खरी गरज जिथे असते ते मुलूख वेगळे, आणि आपल्याकडे तिच्यामागे जी भीती असते तिच्यावर टाकी हा उपाय नाही.

आधी गरज कुठे असते ते पाहू, कारण ही वस्तू काही रिकामटेकड्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात विलुनापासून हॉल्स क्रीकपर्यंत कॅनिंग स्टॉक रूट नावाची वाट आहे. गुरांचे कळप वाळवंटातून हाकत बाजारापर्यंत नेता यावेत म्हणून अल्फ्रेड कॅनिंग या सर्वेक्षकाने १९०६ ते १९१० या काळात ती आखली आणि वाटेवर विहिरी खोदवून घेतल्या. लांबी सुमारे १८५० किलोमीटर. विहिरी पन्नासच्या आसपास, आणि मधल्या वाळवंटात पंप एक. कुनावारिट्जी नावाची आदिवासी वस्ती साधारण मध्याच्या पुढे लागते, तिथे डिझेल मिळतं. मागेपुढे शेकडो किलोमीटर काही नाही. तिकडचं सिम्पसन वाळवंट ओलांडायचं तर माउंट डेअरहून बर्ड्सव्हिलपर्यंत साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर आणि मध्ये अकराशेच्या घरात वाळूच्या टेकड्या. रस्त्यावर लिटरला दहा-अकरा देणारी गाडी अशा वाळूत चार-पाचवर येते. चारने साडेपाचशेला भागा: १३७ लिटर लागतात. ऐंशी लिटरची टाकी घेऊन तिथे जाणारा माणूस वाळवंट ओलांडत नाही, त्यात राहायला जातो. म्हणूनच २००९ साली आलेल्या प्रॅडोला ऑस्ट्रेलियात टोयोटानेच दोन टाक्या मिळून १५० लिटर दिले होते. तिथल्या माणसाने टाकी बसवली तर तिच्यामागे वहीत मांडलेला हिशेब असतो: टप्पा किती, वाळू किती, लिटरला किती, वर राखीव किती. वाटेत गाडी बंद पडली तर धक्का मारायला माणूस नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आपल्याकडे गाडी बंद पडल्यावर दोन मिनिटांत सहा माणसं जमतात, त्यातली चार सल्ला देतात आणि दोन खरंच ढकलतात.

हाच हिशेब आपल्या रस्त्यांवर आणला की टाकीची बाजू लंगडी पडू लागते. जादा टाकीचं समर्थन करताना आपल्याकडे लडाख पुढे केला जातो, आणि त्यातही लडाखच्या वाटेवरचा तांदीचा पंप. मनालीहून लेहला जाताना लाहौलमधल्या या पंपावरचा फलक प्रवाशांना वर्षानुवर्षं बजावत आला आहे की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. देशातल्या फार थोड्या फलकांचे इतके फोटो निघाले असतील. फोटो काढून होतो, अंगावर काटा येतो, आणि भागाकार करायचं राहून जातं. थारच्या टाकीत ५७ लिटर मावतात, गुरखाच्या ६३.५, बिचाऱ्या जिम्नीच्या ४०. घाट, उंची, पहिला-दुसरा गिअर आणि मागच्या सीटवरचे मामेभाऊ हे सगळं धरून लिटरला फक्त दहा किलोमीटर मिळाले असं समजू. थार ५७० किलोमीटर जाते, गुरखा सहाशेच्या पुढे, आणि जिम्नीसुद्धा चारशे. म्हणजे देशातल्या सर्वात धाकदायक फलकाला कंपनीने दिलेली टाकी पुरून उरते. स्पितीकडे वळलात तर काझाला पंप आहे आणि तो जगातला सर्वात उंचावरचा पंप म्हणून मिरवतो. राहता राहिला लेहहून पँगाँग, हानले, त्सो मोरिरी असा मोठा फेरा. तो सहाशे-सातशे किलोमीटरचा होतो, पंप मोजकेच, आणि तिथे खरंच थोडं जास्त इंधन जवळ असावं. थोडं म्हणजे वीस लिटरचा एक डबा. त्यासाठी गाडीची चासी कापावी लागत नाही. आणि हे सगळं आयुष्यात एकदा, फार तर दोनदा. बाकी वर्षभर ही गाडी पौडवरून ताम्हिणी घाट उतरून माणगावला जाते आणि परत येते. या वाटेवर दोन्ही टोकांना पंप आहेत. मध्ये जे मिळतं ते मक्याचं कणीस.

आता जरा पंपावर उभं राहून बघू. खडकाळ टायर, जाळीदार रॅक, मागे बादलीएवढा दिवा अशी गाडी घरघरत येते. काच खाली होते. आतून आवाज येतो, "पाचशेचं टाक." पंपावरचा मुलगा सवयीने म्हणतो, "शून्य बघा साहेब." साहेब शून्य बघतात, मग आकडे पळू लागतात आणि पाच लिटरही न भरता थांबतात. पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून पाचशेत पाच लिटर येतच नाही. ज्या टाकीत ५७ लिटर मावतात तिच्या तळाला ओल येते, एवढंच. काटा लाल खुणेवरून अंगठ्याएवढा वर सरकतो आणि दोन दिवसांत पुन्हा खाली. टाकी गच्च का भरत नाही असं विचारलं तर कारणं तयार असतात: भाव उतरतील, उगाच वजन कशाला वाहायचं, पार्किंगमधून कुणी काढून नेईल. वजनाचं कारण सांगणाऱ्या माणसाच्या टपावर चाळीस किलोचा लोखंडी रॅक असतो, हे सोडून द्या. मुद्दा असा की जादा टाकीचं स्वप्न पाहणाऱ्यांच्या पहिल्या टाकीने काटा पूर्ण वर गेलेला क्वचितच पाहिलेला असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इंधन संपेल ही भीती त्यांना खरोखर वाटते, कारण त्यांचा काटा कायम लाल खुणेशी असतो. ती भीती पंप दूर असल्यामुळे येत नाही. ती पाचशेच्या नोटेमुळे येते. अशा माणसाला शंभर लिटरची दुसरी टाकी दिली तर तो हजारचं टाकायला सांगेल आणि दोन्ही टाक्यांच्या तळाला ओल ठेवेल.

यावर कुणी म्हणेल की राखीव साठा असला की माणूस निर्धास्त होतो, मग तो कुठे का असेना. याचं उत्तर महाराष्ट्राने स्कूटरवर पन्नास वर्षांपूर्वीच शोधून ठेवलं आहे. बजाज चेतकच्या सीटखाली पेट्रोलचा एक खटका असे: बंद, चालू आणि रिझर्व्ह. चालत्या गाडीत इंजिन खोकलं की चालवणारा एका हाताने हँडल धरून दुसरा हात मांडीखाली घाली आणि खटका फिरवी. पुढचे काही किलोमीटर मिळत. व्यवस्था अत्यंत शहाणपणाची होती, पण तिच्यात एक अट होती. पेट्रोल भरल्यावर खटका पुन्हा जागेवर आणायचा. ही अट विसरली की पुढच्या वेळी इंजिन खोकलं, हात मांडीखाली गेला, आणि खटका आधीच रिझर्व्हवर सापडला. मग स्कूटर डावीकडे तिरकी करणं, झाकण उघडून एक डोळा मिटून आत बघणं, गाडी हलवून कान लावणं असे सगळे विधी पार पाडून ती पंपापर्यंत ढकलत नेणं आलं. वापरता येणारा साठा माणूस वापरतोच. जादा टाकीतही हेच होतं. डॅशबोर्डवर एक बटण असतं, ते दाबलं की मागच्या टाकीतलं डिझेल पुढच्या टाकीत येतं. अडचणीच्या वेळी दाबायचं म्हणून ठेवलेलं हे बटण पहिल्यांदा दाबलं जातं ते बहुधा मित्राला दाखवायला, आणि दुसऱ्यांदा पंपावर रांग आहे म्हणून. काटा वर चढताना बघून सगळ्यांना बरं वाटतं. महिन्याभराने दोन्ही टाक्या मिळून एकच मोठी रिकामी टाकी झालेली असते.

वीस लिटरच्या डब्याचा वर उल्लेख आला, त्याच्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण जादा टाकीवाले त्याला फार हिणवतात. हा पत्र्याचा जेरीकॅन जर्मनांनी १९३०च्या दशकात लष्करासाठी घडवला. त्याला तीन मुठी असतात: भरलेला डबा दोघांना मिळून उचलता येतो आणि रिकामे असले तर एक माणूस एका हातात दोन नेतो. वरच्या बाजूला हवेची जागा सोडलेली असते, त्यामुळे उन्हात पेट्रोल फुगलं तरी डबा फुटत नाही आणि पाण्यात पडला तर तरंगतो. ब्रिटिश फौज दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत पातळ पत्र्याचे चार गॅलनचे डबे वाहून नेत होती आणि त्यांतलं बरंचसं पेट्रोल लढाईपर्यंत पोचण्याआधीच वाळू पीत होती. अमेरिकेला या डब्याचा पत्ता लागला त्या कथेचं शेवटचं टोक आपल्याकडे आहे. पॉल प्लीस नावाचा अमेरिकन इंजिनिअर १९३९ साली बर्लिनहून मोटारीने भारताकडे निघाला. बरोबरच्या जर्मन सहकाऱ्याने लष्करी साठ्यातले असे तीन डबे उचलून आणले. सहकाऱ्याला वाटेतून परत बोलावलं गेलं, प्लीस कलकत्त्याला पोचला, आणि पुढे त्याने तो डबा अमेरिकेच्या लष्कराला दाखवला. बर्लिन ते कलकत्ता एवढ्या प्रवासात त्या तीन डब्यांत भरलं काय होतं? पाणी. पेट्रोल वाटेत मिळत गेलं. हे १९३९ साली, तेव्हाच्या रस्त्यांवर. त्यापुढे मनाली-लेहसाठी शंभर लिटरचं पोट लावून घेणाऱ्याला काय म्हणावं?

आता खुद्द टाकीकडे वळू. गाडीखाली वाकून बघितलं की तिथे बरीच रिकामी जागा दिसते आणि इथे टाकी सहज बसेल असं वाटतं. ती जागा रिकामी नसते. ती मागचा अ‍ॅक्सल वरखाली व्हायला ठेवलेली असते. उरलेल्या कोपऱ्यात सायलेन्सर, त्याच्या बाजूने ब्रेकचे पाइप, मधून फिरणारा शाफ्ट. या सगळ्यांना चुकवत केलेली टाकी चारही बाजूंनी खाचाखोचांची होते. आत आडवे पडदे नसतील तर वळणावर पन्नास लिटर डिझेल एका बाजूला धावतं आणि गाडी ड्रायव्हरच्या इच्छेविरुद्ध वळण घेते. वरून हवा जायला ब्रीदरचा पाइप लागतो. तो खाली राहिला तर पहिल्याच ओढ्यात टाकीत पाणी शिरतं. म्हणजे इंजिनाला पाणी लागू नये म्हणून वर स्नॉर्केल आणि डिझेलला पाणी मिळावं म्हणून खाली ब्रीदर. पहाटेच्या थंडीत काठोकाठ भरलेलं शंभर लिटर डिझेल दुपारच्या उन्हात दीड-दोन लिटरने फुगतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर येतं. मग आठ दिवस दशम्यांना, स्वेटरना आणि लहान मुलांच्या केसांना तोच वास. इंधन पुढे ढकलणारं बटण बंद करायला विसरलं तर पुढची टाकी ओसंडते. वजनाचं म्हणाल तर शंभर लिटर डिझेल म्हणजे त्र्याऐंशी किलो, वर टाकीचा पत्रा वेगळा. ते सगळं गाडीच्या शेपटाशी लटकलं की पुढची चाकं हलकी होतात आणि मागच्या स्प्रिंगा बसतात. त्या बसल्या म्हणून जाड स्प्रिंगा घालायच्या, त्यांनी गाडी उचलली म्हणून शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलायचे, आणि त्या वजनाने मायलेज उतरलं म्हणून जास्त डिझेल जवळ ठेवायचं. खडकावरून उतरताना मागचा भाग घासू नये म्हणून जी उंच गाडी घेतली, तिच्याच मागच्या भागाखाली पत्र्याचा डबा टांगून ती पुन्हा बुटकी करायची हा यातला सर्वात महागडा विनोद. पेट्रोलच्या गाडीबद्दल तर बोलूच नये. तिची वाफ पकडायला कंपनीने कॅनिस्टर, झडपा आणि नळ्यांची एक बंदिस्त व्यवस्था केलेली असते. गॅरेजमधल्या वेल्डरने तिला छेद देऊ नये. त्याच्याकडे गॅस, ठिणगी आणि आत्मविश्वास तिन्ही असतात.

कायद्याचं प्रकरण मी लवकर आवरतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या बांधणीत मनाला येईल तसा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस गाडीखाली वाकतो आणि टाकी शोधून काढतो. मालकाव्यतिरिक्त तिचं दर्शन घेणारा तो पहिलाच. एक जादा टाकी मात्र आपल्याकडे रीतसर चालते, तिची आरसीवर नोंदही होते: सीएनजीची. डिकीतली सगळी जागा एका नळकांड्याला देऊन, बॅगा मांडीवर घेऊन, पंपावर तासभर रांग लावून मराठी माणूस ती आनंदाने वापरतो, कारण तिच्यात पैसे वाचतात. हाच न्याय सावंतवाडी-बांद्याकडचा. गोव्यात पेट्रोल लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त मिळतं, म्हणून पत्रादेवीला जाऊन टाकी भरणारे लोक तिकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि ते टाकी गच्च भरतात. राज्याराज्यांतल्या करातला फरक पाहून डिझेल भरणारे लांब पल्ल्याचे ट्रकवाले तेच करतात. यांच्यापैकी कुणी दुसरी टाकी मागितली तर ती मागणी मला पटते. तिच्यामागे बेरीज-वजाबाकी आहे. गंमत अशी की ते मागत नाहीत.

उरतात दोन आक्षेप. पहिला संपाचा. १ आणि २ जानेवारी २०२४ ला हिट अँड रनच्या नव्या तरतुदीविरुद्ध चालकांनी संप केला, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर हलेनात आणि गावोगावच्या पंपांवर रांगा लागल्या. जादा टाकीवाले हा दाखला फार आवडीने देतात. पण त्या रांगांत उभे कोण होते? ज्यांचा काटा लाल खुणेशी होता ते. ज्याने आधीच्या रविवारी टाकी भरली होती तो घरी चहा पीत बातम्या बघत होता, त्याला दोन दिवसांत काही फरक पडला नाही. दुसऱ्या तारखेच्या रात्री संप मिटलाही. दुसरा आक्षेप मनःशांतीचा, आणि त्याच्याशी मला भांडता येत नाही. चार माणसांच्या रेल्वेप्रवासाला दहा माणसांचा डबा बांधून देणाऱ्या घरांत आपण वाढलो. भुसावळला सगळं मिळतं हे माहीत असूनही तो डबा बांधला जातोच. हौसेला मोल नसतं हे मान्य, तेव्हा हौस म्हणून टाकी बसवणाऱ्याला माझी ना नाही. त्याने फक्त तिला गरज म्हणू नये.

एवढं वाचूनही बसवणारच असाल तर डिझेलच्याच गाडीला बसवा, आत पडदे असलेली घ्या, ब्रीदर बॉनेटच्या उंचीपर्यंत न्या आणि विमा कंपनीला आधी लेखी कळवा. आणखी एक विनंती. या चपट्या टाकीत डिझेलला फेस फार येतो. दर दहा-पंधरा लिटरला नोझल खटकन बंद होतं आणि फेस बसेपर्यंत थांबावं लागतं. तेव्हा भरायला जाल ते सकाळच्या गर्दीत जाऊ नका. मागे स्कूटरवाले उभे असतात, त्यांना शंभरचंच टाकायचं असतं आणि ऑफिस गाठायचं असतं.